टर्बो काढायच्या आधी लाइन चालून या

वाचकाचं पत्र, नाव-गाव गाळून आणि थोडं आवरून:

"मी भडगाव तालुक्यातला शेतकरी. केळी आणि कापूस. माझ्याकडे २०१५ची डिझेल गाडी आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. आईला दर महिन्याला तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं, तेव्हा चाळीसगावहून कन्नड घाट चढावा लागतो. गेल्या तिन्ही फेऱ्यांत घाटाच्या अर्ध्यावर गाडीतला जीवच गेला. इंजिनचा पिवळा दिवा लागतो, मागून काळा धूर निघतो, पाय पूर्ण दाबला तरी काटा चाळीसच्या वर जात नाही. बंद करून परत चालू केली की नीट चालते. एकदा तर मी घाटातच, चालत्या गाडीत चावी बंद-चालू केली. सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही. आईचे चुलतभाऊ गॅरेज चालवतात. त्यांनी स्कॅनर लावला, पी०२९९ असा कोड आला. म्हणाले, 'टर्बो गया भाऊ.' नळी काढून आतलं तेलही दाखवलं. व्हेरिएबल टर्बो आहे म्हणून नवा ४८ हजार, रिकंडिशन २२ हजार. मित्र म्हणतो, टर्बोचं काही नाही, वर हवा विरळ असते, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टाक. नवा घ्यावा, रिकंडिशन घ्यावा, की गाडीच काढून टाकावी? मामांवर शंका घ्यायची नाही, त्यांनी आमचं फार केलं आहे. (हल्ली सकाळी ब्रेकचं पेडल कडक लागतं, पण ते नंतर बघू.)"

भाऊ,

तुमचं पत्र वाचताना मी टर्बोपाशी, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापाशी, थांबलो नाही, शेवटच्या कंसापाशी थांबलो. ब्रेकचं "नंतर बघू" नको. ते आधी बघायचं. आईंना शेजारी बसवून तुम्ही तोच घाट उतरताही, म्हणून आधी. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या टर्बोच्या दुखण्याचा धागा कदाचित त्याच पेडलला बांधलेला आहे.

पेट्रोल इंजिन हवा ओढताना स्वतःच व्हॅक्यूम तयार करतं. डिझेलचं तसं नसतं, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप दिलेला असतो. हा पंप ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम देतो, आणि ज्या गाडीत टर्बोचा अ‍ॅक्चुएटर (त्याची पाती हलवणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो, तिथे त्यालाही तोच पुरवतो. एकाच विहिरीवर दोन शेतं. दोन्हीकडे पाणी कमी पडत असेल तर आपण आधी विहिरीकडे बघतो ना?

आज संध्याकाळी एवढं करा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल लगेच थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा बराच वेळ घेऊन गेलं, तर व्हॅक्यूमचा पुरवठा कमी आहे किंवा बूस्टर नीट नाही. तसं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत घाट बंद. फक्त रात्रभर उभी राहिल्यावरच पहिला दाब कडक लागत असेल, तर बूस्टरजवळचा एकेरी व्हॉल्व्ह गळत असू शकतो. तोही बघून घ्या, पण तो एवढा घाबरवणारा नाही.

आणि चालत्या गाडीत चावी बंद करणं, हे परत कधीच नको. चावी बंद झाली की स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकला नवा व्हॅक्यूम मिळत नाही, आणि चावी एक खाच जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. गाडी मंदावली तरी ती चालत असते. इंजिनने स्वतःला सांभाळण्यासाठी ताकद कमी केलेली असते, त्याला मेकॅनिक लिंप मोड म्हणतात. इंडिकेटर चारही चालू करायचे, डावीकडून खालच्या गिअरमध्ये हळूहळू वर यायचं आणि वळण सोडून मोकळी, सपाट जागा मिळाली की थांबायचं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. नवा की रिकंडिशन, असं तुम्ही विचारलंत. त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही: टर्बो खरंच गेला आहे का?

पी०२९९ या कोडचा अर्थ "टर्बो खराब" असा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनच्या कॉम्प्युटरने जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, ते कोडला माहीत नसतं. (याच्या उलट, मागितल्यापेक्षा जास्त दाब आला तर पी०२३४ येतो.) तुमच्या केळीच्या बागेत शेवटच्या ओळीला ड्रिपचं पाणी पोचत नाही, म्हणून तुम्ही थेट सबमर्सिबल मोटार वर काढता का? नाही काढत. आधी लाइन चालून येता. फिल्टर जाम आहे का, व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे का, कुठे लॅटरल उंदराने कुरतडली आहे का. मोटार काढणं शेवटी, कारण ते खर्चाचं काम आहे आणि बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. टर्बो ही त्या लाइनीतली मोटार. तिला हुकूम देणारी, तिची हवा वाहून नेणारी आणि ती हवा मोजणारी माणसं वेगळीच आहेत.

हा धडा मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे. पंधराएक वर्षांपूर्वी रावेरकडच्या एका गिऱ्हाइकाची गाडी आली होती, तक्रार तुमच्यासारखीच. मी टर्बो बदलला. महिन्याने तो माणूस परत आला, तोच दिवा, तीच तक्रार. या वेळी मी दिवसभर बसलो. शेवटी बोनेटच्या मागच्या अंगाला, पेन्सिलीएवढ्या जाडीची व्हॅक्यूमची काळी नळी एका पत्र्याच्या कडेला घासून चिरलेली सापडली. बोटाने वाकवली की चीर उघडायची, सोडली की मिटायची. तीस-चाळीस रुपयांची नळी. त्या माणसाचे मी मजुरीचे पैसे परत केले, पण टर्बोचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून टर्बोला हात लावायच्या आधी मी नळ्यांना हात लावतो.

व्हेरिएबल टर्बोत नेमकं काय चालतं ते समजलं की ही नळी एवढी महत्त्वाची का, ते कळेल. धुराच्या वाटेवर छोट्या पात्यांचं एक कडं असतं. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना पाती मिटून वाट अरुंद करतात, धूर जोरात सुटतो, टर्बो लवकर फिरतो. जशी आपण पाण्याच्या पाईपच्या तोंडावर अंगठा धरतो. फेऱ्या वाढल्या की पाती उघडतात. ही पाती हलवणारा दांडा अ‍ॅक्चुएटरला जोडलेला असतो, अ‍ॅक्चुएटरला व्हॅक्यूम किती द्यायचा ते एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरवतो आणि सोलेनॉइडला हुकूम कॉम्प्युटर देतो. व्हॅक्यूम गेला की पाती उघडी पडतात आणि दाब तयारच होत नाही. टर्बो ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत हुकूम पोचत नाही इतकंच.

मग सपाट रस्त्यावर का जाणवत नाही? कारण तिथे तुम्ही इंजिनकडे फार काही मागतच नाही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, भरलेली गाडी, दाबलेला पाय, मिनिटामागून मिनिट. कॉम्प्युटर मागतो आहे आणि मिळत नाही, हा फरक काही सेकंद टिकला की तो दिवा लावतो आणि ताकद काढून घेतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. बोनेटखाली तापलेलं रबर मऊ पडतं, थंडीत मिटलेली चीर मे महिन्यात उघडते.

मित्राचं विरळ हवेचं म्हणणं मात्र बाजूला ठेवा. चाळीसगावपासून कन्नडपर्यंत उंची साधारण तीनशे मीटरने वाढते. त्याने हवेचा दाब तीन-चार किलोपास्कलने उतरतो, म्हणजे शंभरातले तीन-चार. एवढ्याने कुठली टर्बो गाडी चाळीसवर येत नाही.

नळीतलं तेल मामांनी दाखवलं, ते पाहून तुम्ही हादरलात असं दिसतं. इंजिनच्या आतली वाफ हवेच्या वाटेने परत खेचली जाते, तिच्याबरोबर थोडं तेल येतंच. नळीत बोट फिरवल्यावर बोट तेलकट झालं, एवढं १ लाख ४० हजार किलोमीटरच्या डिझेल गाडीत चालतं. नळीतून तेल ओघळतंय, टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या तळाशी साचलंय, ऑइल वरचेवर घालावं लागतंय, मागून निळा धूर येतोय, असं असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा धूर काळा आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं, हवा कमी.

आता लाइन चालायची.

सुरुवात स्कॅनरपासून, पण कोड वाचून पुसण्यासाठी नाही. कोडसोबत त्या क्षणाची नोंद जपलेली असते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. किती फेऱ्या होत्या, किती लोड होता, इंजिन किती तापलं होतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. म्हणून पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. एवढ्या एका सवयीने कित्येक गिऱ्हाइकांचे पैसे वाचलेले मी पाहिले आहेत.

मग चावी चालू, इंजिन बंद, आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याच्या) दाबाचा आकडा बघा. इंजिन बंद असताना तिथे फक्त बाहेरच्या हवेचा दाब दिसला पाहिजे. तुमच्या भागात तो ९६ ते ९९ किलोपास्कलच्या आसपास असतो. बॅरोमीटरचा आकडा वेगळा दिसत असेल तर दोन्ही जवळपास सारखे हवेत. एकाने १२० दाखवलं किंवा ८० दाखवलं तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढची सगळी तपासणी फुकट जाईल. इथे एक गफलत हमखास होते. स्कॅनरचा आकडा पूर्ण दाबाचा असतो, बाहेरची हवा धरून. त्यामुळे स्क्रीनवर १०० दिसलं म्हणजे एक बार (१०० किलोपास्कल) बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, आला असं नाही, बूस्ट शून्य आहे.

यानंतर गाडी रस्त्यावर न्यायची. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन टर्बो तपासता येत नाही, कारण भार नसला की कॉम्प्युटर दाब मागतच नाही. पहाटे मोकळ्या, थोड्या चढाच्या रस्त्यावर एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून स्कॅनर बघायचा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवरून पाय पूर्ण दाबून ३५००पर्यंत न्यायची. नोंदवायचं ते चार गोष्टींचं: मागितलेला दाब, मिळालेला दाब, सोलेनॉइडला दिलेला हुकूम टक्क्यांत, आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा.

या चार आकड्यांत बरंच काही असतं. समजा कॉम्प्युटरने २२० मागितले, मिळाले १५०, आणि हुकूम नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला आहे. म्हणजे कॉम्प्युटर ओरडून सांगतोय, कुणी ऐकत नाही. आता हवेच्या सेन्सरकडे बघा. हवा भरपूर आत येतेय असं तो सांगत असेल आणि दाब मात्र नसेल, तर टर्बोनंतर कुठेतरी नळी फुटली आहे, दाबलेली हवा बाहेर जातेय. मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल पडतं आणि हवा पोचत नाही, म्हणून काळा धूर. याउलट हवाही कमी आणि दाबही कमी, तर टर्बो फिरतच नाही किंवा त्याला श्वासच मिळत नाही: व्हॅक्यूम, अडकलेली पाती, गच्च एअर फिल्टर, तुंबलेला सायलेन्सर. आणि तिसरा प्रकार, दाब आधी मागितल्यापेक्षा वर उसळतो आणि मग कॉम्प्युटर ताकद तोडतो. तेव्हा पाती काजळीने चिकट झालेली असतात, हुकूम ऐकतात पण उशिरा.

इंटरकूलरच्या नळ्या बघताना घाई करू नका. बोनेट उघडून वरून नजर टाकली की सगळं ठीक दिसतं. गाडी वर घ्या, इंटरकूलरची खालची नळी बाहेर काढा. बाहेरून पुसून न घेता बघा, कारण तिथेच खूण असते: क्लिपेच्या शेजारी, नळीच्या पोटाला, चंद्रकोरीसारखा ओला काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. आतून सुटणाऱ्या हवेबरोबर तेलाचा तुषार येतो, त्यावर आपल्या शेतातली पांढरी-तांबडी माती बसते. तो डाग पुसा, नळी दोन्ही हातांनी उलटी वाकवा. चीर असेल तर ओठासारखी उघडते. हातात ठेवलेली नळी आणि दाबाखालची नळी एक नसते, म्हणून नुसतं बघून "नळी चांगली आहे" म्हणू नये. शंका राहिलीच तर वाट बंद करून कंप्रेसरची हवा अगदी कमी दाबाने, एक बारच्या आतच, सोडायची आणि साबणाचं पाणी लावायचं. पंक्चर काढतो तसंच. तुमची गाडी केळीच्या शेडजवळ उभी राहत असेल तर उंदरांचीही आठवण ठेवा. रबराच्या बारीक नळ्या ते सोडत नाहीत. कापसाच्या हंगामात इंटरकूलरच्या जाळीवर तंतू आणि धूळ साचते, तीही तेव्हाच साफ करून घ्या.

व्हॅक्यूम तपासायला हातपंप मिळतो, त्याला मीटर असतं. पंपाच्या तोंडाशी, इंजिन चालू असताना, साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम हवा. तिथे असेल आणि सोलेनॉइडपाशी नसेल तर मधली नळी. तिथेही असेल आणि अ‍ॅक्चुएटरपाशी नसेल तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर. मग अ‍ॅक्चुएटरची नळी काढून हातपंपाने थेट ओढा. साडेचारशे-पाचशेपर्यंत गेल्यावर दांडा पूर्ण, सरळ, न अडखळता आला पाहिजे आणि मिनिटभर तिथेच थांबला पाहिजे. काटा हळूहळू उतरतोय तर आतला पडदा फाटला आहे. काटा टिकतोय पण दांडा हलत नाही, तर पाती अडकली आहेत. ही सगळी तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तुमचं ब्रेकचं पेडल पाहता, मी असतो तर इथूनच सुरुवात केली असती.

दांड्याच्या टोकाला एक स्क्रू असतो, रंग लावून बंद केलेला. तो फिरवून "पिकअप वाढवून देतो" असं कुणी म्हणालं तर फिरवू देऊ नका. पात्यांची मर्यादा कारखान्यात मोजून ठरवलेली असते. एकदा ती हरवली की गॅरेजमध्ये परत सापडत नाही.

ईजीआर बंद करायचा सल्लाही मला पटत नाही. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर दाब खरंच कमी पडतो, काळा धूरही येतो, म्हणून तो काढून बघणं, साफ करणं, अडकला असेल तर बदलणं योग्य आहे. पत्रा ठोकून तो बंद करणं मात्र दोष झाकणं आहे. त्याने प्रदूषण वाढतं आणि मोटार वाहन कायद्यालाही ते धरून नाही. गाडीची प्रोग्रॅमिंग बदलून जास्त दाब मागायला लावणं तर आणखी वाईट. फुटक्या पाईपवर मोठी मोटार बसवल्यासारखं.

एवढं सगळं करून टर्बोच दोषी निघाला तर? तेही शक्य आहे. हवेच्या बाजूची नळी काढून टर्बोचा आस बोटांनी हलवून बघायचा. आडवा किंचित हलतो, तो हलायचाच, तेलाच्या पापुद्र्यावर तो तरंगत असतो. पण पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, किंवा पंख्याच्या पात्यांनी आतल्या भिंतीवर ओरखडे काढले असतील, तर टर्बो गेला. मामांना हे मोजायला सांगा, तुमच्या डोळ्यांसमोर. तसं झालं तर माझं मत असं: काजळीने पाती अडकली एवढंच असेल तर चांगल्या टर्बोवाल्याकडून उघडून साफ करून घेणं पुरतं. आस गेला असेल तर रिकंडिशन चालेल, पण देणाऱ्याकडे बॅलन्सिंग मशीन असलं पाहिजे, त्याचा कागद मिळाला पाहिजे आणि पात्यांची सेटिंग मशीनवर केलेली असली पाहिजे. टर्बोचा आस मिनिटाला लाखभरापेक्षा जास्त फेरे घेतो. हातच्या अंदाजाने बसवलेला तिथे टिकत नाही. असा माणूस जवळपास मिळाला नाही तर नवाच घ्या. आणि दोन्ही बाबतींत, जुना का गेला ते शोधल्याशिवाय दुसरा बसवू नका. ऑइल येणारी बारीक नळी बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, इंटरकूलर धुऊन आतलं तेल काढा, पहिली काही मिनिटं रेस न देता चालू ठेवा. ऑइलची वाट तुंबलेली राहिली तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

ऑइल आत शिरण्याबद्दल एक गोष्ट तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागेल. टर्बोचं सील फुटून तेल इंजिनात जाऊ लागलं तर डिझेल इंजिन त्या तेलावरच धावत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. निळ्या धुराचे ढग आणि आपोआप वाढणारी रेस दिसली तर मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. निळा धूर चालू झालेली गाडी घाटात न्यायचीच नाही.

ज्यांच्याकडे साधा टर्बो आहे, पाती नसलेला, वेस्टगेटवाला (जास्तीचा धूर बाजूने सोडणारं दार असलेला), त्यांनी मी वर लिहिलेलं जसंच्या तसं उचलू नये. त्यात बहुधा अ‍ॅक्चुएटरला व्हॅक्यूम नसतो, टर्बोचाच दाब जातो आणि तो दाब वेस्टगेट उघडून टर्बोला आवरतो. तिथे बारीक नळी फाटली तर उलटं होतं: आवरणारं कुणी राहत नाही, दाब प्रमाणाबाहेर चढतो, गाडी आधी जोरात पळते आणि मग दिवा लावते. हल्लीच्या कित्येक गाड्यांत अ‍ॅक्चुएटर इलेक्ट्रिक असतो, तिथे वायर आणि कनेक्टर आधी. आणि एप्रिल २०२०नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो, तो तुंबला तरी टर्बो दमतो.

आता मामांचं. मला वाटतं, तुमच्या पत्रातलं खरं ओझं हेच आहे, ४८ हजार नाहीत.

मामांवर शंका घ्यायची नाही, हे तुमचं म्हणणं मला आवडलं. पण तपासणी मागणं म्हणजे शंका घेणं, हे तुम्ही कुठून धरलंत? आपण डॉक्टरकडे रक्त तपासायला सांगतो तेव्हा डॉक्टर रागावतो का? मामांची बाजूही बघा. आपल्या तालुक्याच्या गावात दोष शोधायचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "टाकलं काय?" आणि जे टाकलं त्याचेच पैसे देतं. तीन तास नळ्या चाचपून चाळीस रुपयांची नळी बदलली, तर मेकॅनिकच्या हातात काय पडतं? म्हणून चांगला माणूसही थेट मोठ्या वस्तूकडे जातो. त्यात लबाडी असतेच असं नाही.

म्हणून तुम्हीच आधी बोला. "मामा, टर्बो गेला असेल तर तुम्हीच बसवायचा आहे. पण खोलायच्या आधी एक दिवस गाडी तुमच्याकडे ठेवतो, नळ्या, व्हॅक्यूम आणि स्कॅनरचे आकडे आपण दोघं मिळून बघू. दिवसभराची मजुरी वेगळी, काही निघो न निघो." घरच्या माणसाला मजुरी देऊ केली की वाईट वाटेल, असं वाटत असेल तर आईंना बोलायला सांगा. चुलतबहिणीचं ऐकतील. आणि सोबत बसा खरोखर. स्कॅनर तुम्ही धरा, गाडी त्यांना चालवू द्या. त्यांच्याकडे हातपंप नसेल तर जळगाव-धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. तुम्ही विकत आणून त्यांच्याकडेच ठेवलात तरी चालेल. त्याने त्यांची पुढची दहा गिऱ्हाइकं वाचतील.

मामांनी तरी ठाम नकार दिला, तर दुसरीकडे फक्त तपासून घ्या आणि आकडे लिहिलेला कागद घेऊन परत त्यांच्याकडेच या. काम त्यांनाच द्या.

गाडी विकण्याचं मी मधेच सोडून दिलं, कारण आत्ता त्यावर बोलण्यात अर्थ नाही. दोष न शोधता विकलीत तर भाव पडेल, आणि घेणारा याच घाटात याच जागी अडकेल.

आईंच्या पुढच्या तारखेपर्यंत हे काम झालं नाही तर त्या दिवशी ही गाडी नेऊ नका. भाड्याची गाडी करा, नाहीतर शेजाऱ्यांची मागा. झालं असेल, तर आईंना बसवायच्या आधी एकदा मामांना शेजारी बसवून, दोघांचंच वजन आणि डिकीत दोन पोती टाकून, पहाटे घाट चढून या आणि उतरून या. चढताना मामांनी स्क्रीनवरचे दोन आकडे बघावेत, मागितलेला आणि मिळालेला. उतरताना तुम्ही पेडलकडे लक्ष द्या. मग मला कळवा, नळी कुठे फाटली होती.